दोन भरले, तिसरा लागला

तिला सगळे ‘आते’ म्हणत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ही कुणाची तरी आत्या असणार. आयर्लंडमधल्या एनिस गावात मी ज्या लायब्ररीत काम करते तिथे परत आलेल्या पुस्तकांच्या टेबलाशी मी उभी होते आणि दारातून एक फिलिपिनो मुलगी आत डोकावून ‘आते, आते’ अशी दबक्या आवाजात हाक मारत होती. हाक ऐकून कादंबऱ्यांच्या कपाटामागून एक बुटकी, पन्नाशीची, निळ्या गणवेशातली बाई बाहेर आली. नंतर ओळख वाढल्यावर मी तिला सांगितलं की आमच्या भाषेत आते म्हणजे वडिलांची बहीण. ती म्हणाली, आमच्यात थोरली बहीण. मग दोघींनी ठरवून टाकलं की फरक एका पिढीचा आहे, चालवून घेऊ. त्या दिवसापासून मीही तिला आते म्हणायला लागले आणि ती मला ‘सिस’.

गेल्या जानेवारीत आते गेली. दुखणं कळल्यापासून सहा आठवडे. तेव्हापासून मी हे लिहिते आहे, दिवसाला चार ओळी, कधी दोन. मला वाटलं होतं, तिच्याबद्दल लिहायला बसले की रडू येईल. येतंही, पण त्याआधी छाती धडधडायला लागते. कारण आते म्हटलं की मला पहिल्यांदा आठवतो तो काही वर्षांपूर्वीचा, ऑक्टोबरअखेरचा एक आठवडा. त्या आठवड्यात मी जितकी धावले तितकी आयुष्यात कधी धावले नाही, आणि धावायची वेळ आणली होती मीच.

मंगळवार होता. लायब्ररीत लहान मुलांचा गोष्टींचा तास चालू होता. एक पंचविशीची फिलिपिनो मुलगी माझ्याकडे आली. आते ज्या वृद्धाश्रमात नर्स होती तिथलाच निळा गणवेश, वर जाड जाकीट.

“मॅम, झाडपाल्याच्या औषधांचं पुस्तक कुठे असेल?”

मी तिला कपाटापाशी नेलं. बागेतल्या वनस्पती, वनस्पतींचे चहा, असलीच पुस्तकं होती. तिनं दोन-तीन चाळली, जागच्या जागी ठेवली. मग इकडेतिकडे पाहून जाकिटाच्या खिशातून प्लॅस्टिकची एक पिशवी काढली. आत वाळलेली पानं आणि सालीचे तुकडे होते, आणि तिच्या भाषेत हातानं लिहिलेली चिठ्ठी.

“हे किती घेतलं तर माणसाला काही होत नाही, ते बघायचं होतं.”

“कशासाठी घ्यायचं असतं हे?”

ती गोष्ट ऐकणाऱ्या मुलांकडे बघत राहिली. “पाळी आणायला,” ती म्हणाली.

आम्ही इंग्रजीत बोलत होतो, पण हे दोन शब्द मला मराठीतच ऐकू आले. पाळी आणायला. लहानपणी शेजारच्या बायका हे बोलताना आवाज खाली करत आणि आम्हा मुलींना खेळायला बाहेर पाठवत.

तिनं सगळं तुटक तुटक सांगितलं. येऊन आठच महिने झाले होते. चार वर्षांची मुलगी तिकडे आईपाशी. हे कुणाचं, ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तिच्या देशात हा गुन्हा आहे. कुठल्याही कारणानं परवानगी नाही. करणारीलाही तुरुंग आणि मदत करणाऱ्यालाही. मग बायका चर्चच्या बाहेर जातात. तिथे टपऱ्यांवर मेणबत्त्या आणि देवाच्या तसबिरी विकतात, आणि त्यांच्याच शेजारी ही पानं. मैत्रिणीनं सुक्या मासळीच्या पार्सलमधून पाठवली होती.

“इथले पोलीस घरी येतात, की कामावर?” तिनं विचारलं.

मला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा मी तिचा दंड धरला. “पोलीस कशाला येतील? इथे चालतं. कायदा बदललाय, काही वर्षं झाली. सगळ्या देशानं मत दिलं होतं त्यावर.”

“कॅथलिक देश आहे ना हा?” ती म्हणाली. “मी राहते त्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना चर्च आहे.”

आठ महिने ही मुलगी अशा देशात राहत होती जिथे तिला डॉक्टरकडे जाऊन सरळ विचारता आलं असतं, आणि तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. चर्च दिसलं म्हणजे कायदाही तोच, असं तिनं धरून चाललं होतं. मला एकदम स्फुरण चढलं. आपल्याला काहीतरी माहीत आहे आणि ते सांगितल्यानं एका माणसाचं आयुष्य सरळ होणार आहे, असं रोज घडत नाही.

“किती झालेत?” मी विचारलं.

“दोन महिने झाले. आता तिसरा.”

तिसरा लागला, असं मी मनात म्हटलं आणि स्टाफच्या खोलीत जाऊन एका दवाखान्यात फोन लावला. रिसेप्शनवरच्या बाईंनी विचारलं, किती दिवस झालेत तिला? माझ्या डोक्यात ‘तिसरा’ तयारच होता. तोंडातून इंग्रजीत बाहेर पडलं, “थ्री मंथ्स.”

“थ्री? अगं बाई,” त्या हळहळल्या. “बारा आठवड्यांच्या आतच करता येतं, लव्ह. त्यापुढे इथे नाही होत. बायका मग इंग्लंडला जातात.”

मी आभार मानून फोन ठेवला. उलट एक प्रश्न विचारला नाही. समोरचा ठामपणे बोलला की मी ते छापलेल्या पुस्तकासारखं खरं मानते, ही माझी जुनी खोड.

बाहेर येऊन मी त्या मुलीला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि किंचित हसली. “मॅम, माझ्याकडे इथलं परमिट आहे. इंग्लंडला जायला मला वेगळा व्हिसा लागतो. तो यायला किती आठवडे लागतात, तेही पुस्तकात असेल का?” मग पिशवी खिशात टाकली, थँक्यू म्हणाली आणि गेली. मी तिचं नाव विचारलं नाही, फोन नंबर घेतला नाही. गोष्टींचा तास संपला होता आणि मुलं टाळ्या वाजवत होती.

त्या वर्षी माझ्या सासूबाई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे राहायला आल्या होत्या. मी त्यांना आईच म्हणते. कराडजवळच्या गावात सगळा जन्म गेलेला, आणि एनिसमध्येही त्या तशाच वावरत. शेजारणीशी कुंपणावरून मराठीत बोलत, शेजारीण इथल्या क्लेअर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, हेलात उत्तर द्यायची, आणि दोघींचं छान चालायचं. संध्याकाळी त्या पोळ्या लाटत होत्या, मी भाजत होते. नवरा अजून कामावरून, शॅननहून यायचा होता, मुलगी सोफ्यावर टॅब घेऊन पडली होती. कुणालातरी सांगितल्याशिवाय मला राहवेना, म्हणून हलक्या आवाजात सांगायला लागले. वाटलं होतं, त्या म्हणतील, तुला कुणी सांगितल्यात नसत्या चौकश्या.

“किती झालं म्हनलीस?” त्यांनी विचारलं.

“तीन महिने.”

“तीन भरलं?”

“तिसरा लागलाय.”

त्यांचं लाटणं थांबलं. “मग तीन कुठनं आलं?”

“अहो, तिसरा लागलाय म्हणजे...”

“तिसरा लागला म्हंजे दोन भरलं! सून लई शिकलीया म्हणून गावभर सांगत फिरले मी, आन् हिला लागला आन् भरला कळंना. तुझ्या पोरीला अकरावं लागलं, म्हणून काय अकरा वर्सांची झाली व्हय ती?”

“आय ॲम टेन, आजी!” सोफ्यावरून आवाज आला. मुलगी मराठी सगळं समजते, उत्तर मात्र तिचं तिचं देते.

“बघ,” आई म्हणाल्या. “लेकराला कळतंय.”

तव्यावरची पोळी करपली. दोन महिने आणि वर काही दिवस. बारा आठवडे झालेच नव्हते. अजून वेळ होता! त्या बाईंनी मला बरोबर विचारलं होतं, चुकीचं उत्तर मी दिलं होतं. मराठीत मनातल्या मनात अचूक मोजलं आणि इंग्रजीत सांगताना एक अख्खा महिना वाढवून दिला. आणि त्या महिन्यापायी ती मुलगी पानांची पिशवी घेऊन परत गेली होती.

“पाप-बिप मला नको सांगू,” मी काही बोलायच्या आतच आई म्हणाल्या. “ते ज्याचं त्यानं बघावं. पर मोजायचं तरी नीट मोज की गं. आन् हुडीक तिला आधी.”

आतेचा फोन बंद होता, तिची रात्रपाळी होती. सकाळी आठला पाळी सुटते हे मला माहीत होतं. साडेसातला मी वृद्धाश्रमाच्या गाडीतळावर उभी. आयरिश पाऊस, म्हणजे पडतोय की नाही तेच कळत नाही असा. वाटेत येताना मी वाक्यं जुळवत होते. आते दर रविवारी चर्चला जायची. तिच्या गाडीत आरशाखाली मेरीची छोटी मूर्ती चिकटवलेली होती. तिला हे कसं सांगायचं? आणि तिनं नकार दिला तर त्या मुलीपर्यंत पोचायचं कसं?

आते बाहेर आली. मला बघून थबकली. “सिस? घरी सगळं ठीक ना?”

जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. मी सगळं उलटसुलट सांगून टाकलं, पानं, फोन, तिसरा महिना, पोळी. आते ऐकत राहिली. तिचा चेहरा बंद दारासारखा झाला होता. मला वाटलं, संपलं.

“पानं तिनं घेतली का अजून?” तिनं विचारलं.

“माहीत नाही.”

“बस गाडीत.”

आठ महिन्यांपूर्वी आलेली, चार वर्षांची लेक तिकडे, एवढ्यावरून ती कोण ते आतेला कळलं होतं; ती मुलगी नदीपलीकडच्या एका घरात राहत होती, पाच जणींत मिळून. दहा मिनिटांचा रस्ता. त्या दहा मिनिटांत आतेनं मला जे सांगितलं ते तिनं आधी कधी सांगितलं नव्हतं, नंतरही कधी काढलं नाही. नजर रस्त्यावर ठेवून ती बोलत होती.

“मी नर्सिंग शिकत होते तेव्हाची गोष्ट. वॉर्डात एक बाई आली. रक्त थांबत नव्हतं. अशी बाई आली की आमच्याकडे आधी तिला विचारायचे, काय घेतलंस, कुणाकडून घेतलंस. तिनं सांगेपर्यंत तिला बाकावर बसवून ठेवायचे. मला म्हणाले, तू विचार. मी विचारलं. ती म्हणाली, जिन्यावरून पडले. मी म्हटलं, खरं सांग, देव बघतोय.” वळण आलं, तिनं गिअर बदलला. “एकोणीस वर्षांची होते मी, सिस. देवाचं नाव घेऊन तिला बाकावर बसवलं.”

“मग?”

“मग काय. खरं सांगायला वेळच राहिला नाही तिला.”

पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या. पुढे एक ट्रॅक्टर रमतगमत चालला होता. आतेनं हॉर्नवर हात ठेवला आणि काढलाच नाही. आयर्लंडमध्ये असं कुणी करत नाही. ट्रॅक्टरवाला मागे वळून बघायला लागला. आते काच खाली करून ओरडली, “आजच्या आज पोचणार आहेस का?” तशातही मला हसू फुटलं.

दार त्या मुलीनंच उघडलं. आतेला बघून तिचा रंग उडाला. आते तिची वरिष्ठ. तिनं माझ्याकडे एक नजर टाकली, ती नजर मी विसरले नाही. हिनं आपल्याला पकडून दिलं, असंच तिला वाटलं असणार.

“कुठे आहे?” आतेनं विचारलं.

मुलगी दाराची कडी धरून मागे सरली.

“पोरी, मी ओरडायला आलेले नाही. प्यायलीस का?”

मुलीनं मान हलवली. नाही. काल उकळून ठेवलं होतं, पण आज दुपारपाळी होती. उद्या सुट्टी, म्हणून उद्या पिणार होती. पिऊन पडून राहता यावं म्हणून. सुट्टी आज असती तर, हा विचार मी अजूनही पुरता करू शकत नाही.

ती आम्हाला वर घेऊन गेली. इथे घरात गरम पाण्याच्या टाकीचं एक कपाट असतं, त्याला हॉट-प्रेस म्हणतात. टॉवेल-चादरी त्यात उबदार राहतात. पाच जणींच्या टॉवेलांच्या मागे थर्मास लपवलेला होता. आतेनं झाकण उघडून वास घेतला, काही न बोलता बाथरूममध्ये गेली आणि सगळं ओतून टाकलं. मग पाणी, पुन्हा पाणी. मुलगी दारात उभी राहून बघत होती. तिच्या हातातला शेवटचा उपाय आम्ही मोरीत ओतला होता, आणि बदल्यात द्यायला आमच्याकडे अजून नुसता हिशेबातला फरक होता.

खाली स्वयंपाकघरात आते तिला म्हणाली, “शेवटची पाळी कधी आली, तो दिवस सांग. महिना नको, दिवस.”

मुलीला दिवस पक्का आठवत होता. तिकडे लेकीचा वाढदिवस होता, ती व्हिडिओ कॉलवर केक कापत होती, आणि इकडे हिचं पोट दुखत होतं. ऑगस्टमधला सोमवार.

आते कधी बोटांवर मोजायची नाही. तिच्या खिशात जपमाळ असे आणि गोळ्यांच्या वेळा, पाळ्या, सुट्ट्या, सगळं ती मण्यांवर मोजे. तिनं माळ काढली. एक मणी म्हणजे एक आठवडा. आम्ही दोघी तिच्या अंगठ्याकडे बघत होतो. सहा. सात. आठ. नऊ. दहा. दहा मणी संपले की तिच्या माळेत थोडी मोकळी साखळी येते आणि मग एकटा मोठा मणी. त्या साखळीवर तिचा अंगठा थांबला.

“दहा आठवडे आणि दोन दिवस,” आते म्हणाली. “बारा नाहीत. दहा!”

मुलीनं टेबलावर डोकं टेकलं. मी मोठ्यानं ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण मराठीत ओरडले असणार, कारण आतेनं विचारलं, “म्हणजे काय?”

पुढे सगळं भराभर झालं. सरकारची एक हेल्पलाइन होती. ती मला आदल्या दिवशी लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत सापडली असती, पण मी शोधलीच नव्हती. फोनवरच्या बाईंनी माहिती दिली. नऊ आठवड्यांच्या आत असेल तर डॉक्टर दवाखान्यातच गोळ्या देतात. हिचे नऊ उलटलेत, तेव्हा हॉस्पिटल. पण आधी डॉक्टरला भेटावं लागेल, आणि सगळेच डॉक्टर हे करत नाहीत. जवळचे नाही म्हणाले, पलीकडच्या काउंटीतल्या एका गावात दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मिळाली. मी लायब्ररीत रजा टाकली. कारण लिहिलं, दाढदुखी.

गुरुवारी डॉक्टरांनी आठवडे मोजायची कागदाची एक गोल चकती फिरवून बघितली. तरुण होत्या, केस ओले, बहुतेक धावतच आल्या होत्या. “दहा आठवडे, तीन दिवस. ग्रँड,” त्या म्हणाल्या. इथे ग्रँड म्हणजे भव्य नव्हे. ग्रँड म्हणजे ठीक, चालेल, काळजी नको, आणि कधी कधी म्हणजे पुरे आता. मुलीला हे अजून ठाऊक नव्हतं. तिनं मला हळूच विचारलं, “यात भारी काय आहे?”

मग डॉक्टर म्हणाल्या, “आज मी कागदावर सही करते. त्यानंतर कायद्यानं तीन दिवस थांबायचं असतं.”

मुलगी खुर्चीत ताठ झाली. “तीन दिवसांत तुम्ही कुणाला कळवणार?”

“कुणालाच नाही. विचार करायला असतात ते.”

“मी दीड महिना तेच करतेय,” मुलगी म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “माहीत आहे मला,” त्या म्हणाल्या. “पण ते तीन दिवस मला कमी करता येत नाहीत.”

तीन दिवस म्हणजे रविवार, सोमवारी बँक हॉलिडेची सार्वजनिक सुट्टी, म्हणून हॉस्पिटलनं मंगळवार दिला. अकरा आठवडे, एक दिवस. त्या मंगळवारी काही बिनसलं असतं तर बारा आठवडे भरायला पुढे सहाच दिवस उरत होते. मला त्या काळात कुठलीही संख्या दिसली की मी तिला सातानं भागत असे.

सुट्टीचे ते दिवस ती आमच्या घरी राहिली. आतेनं तिच्या पाळ्या बदलून दिल्या, स्वतः दोन जास्तीच्या केल्या आणि रोज संध्याकाळी दारात येऊन उभी राहायची. आत ये म्हटलं तर, “नको, झोपायला जाते,” आणि मग तासभर उभ्याउभ्या गप्पा. माझी मुलगी हॅलोविनच्या चेटकिणीच्या टोपीत घरभर फिरत होती आणि त्या पाहुणीला एनिसमधलं इंग्रजी शिकवत होती. आई तिला पानात वाढायच्या आणि समोर बसून राहायच्या.

शनिवारी दुपारी आई मला म्हणाल्या, “तिला इचार, पयलं हाय का एखादं?”

मुलीनं फोनवर लेकीचा फोटो दाखवला. आईंनी तो हातभर लांब धरून बघितला. “नाक आईचं हाय,” म्हणाल्या. मग फोन परत देत, जसं काही भाजीबद्दल बोलावं तसं बोलल्या, “मी बी गेलेवते. तुझ्या नवऱ्याच्या पाठचं. घरात तीन लेकरं, आन् हे रानात. तालुक्याला गेले नर्सबाईसंगं. घरी सांगितलं, दात दुखतोय.”

परवा मीही दाढदुखीच लिहिली होती.

“हे कुणाला माहितीये, आई?”

“तुला, आता. आन् हिला, पर हिला काय कळतंय.” त्या पदरानं तोंड पुसून उठल्या. “आपल्याकडं कायदा व्हता गं. सांगायची सोय नव्हती.”

मुलीनं मला विचारलं, काय म्हणाल्या त्या? मी सांगितलं, तुझ्या लेकीचं नाक तुझ्यासारखं आहे म्हणाल्या. तेवढंच भाषांतर केलं. बाकीचं आईंचं होतं.

आतेच्या अंत्यविधीला चर्च भरून गेलं होतं. शेवटच्या बाकावर ती मुलगी बसली होती, शेजारी तिची लेक. आता ती इथेच शाळेत जाते. मधेच ती मोठ्यानं म्हणाली, “इज दॅट आते इन द बॉक्स?” अगदी क्लेअरच्या हेलात. तिच्या आईनं तिला जवळ ओढलं. मी पुढच्या बाकावरून मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर तिचं आणि माझं, दोघींचंही काही खरं नव्हतं.

त्या ऑक्टोबरातल्या मंगळवारी आम्ही तिघी हॉस्पिटलला गेलो. आते गाडी चालवत होती. हॉस्पिटलच्या दारात कुणी उभं असेल, फलक धरून ओरडेल, अशी त्या मुलीला भीती होती. दारात एक माणूस सिगारेट ओढत होता, बाकी कुणी नाही. आतल्या नर्सनं विचारलं, किती आठवडे? मी तोंड उघडणार होते. मुलीनं माझ्या हातावर हात ठेवला. “अकरा आठवडे, एक दिवस,” तिनं स्वतः सांगितलं, स्पष्ट, जसा कुणी आपला पत्ता सांगावा.

तिला आत नेलं. मी गाडीत परत आले. आते आत येणार नाही हे तिनं आधीच सांगितलं होतं. ती स्टिअरिंगमागे बसून होती, माळ हातात, पण मणी सरकत नव्हते. थोड्या वेळानं मी धीर करून विचारलं, “आते, त्या मतदानात तू कुठे शिक्का मारलास?” तिला इथलं नागरिकत्व मिळून बरीच वर्षं झाली होती, मला नव्हतं मिळालं.

“शिक्का नसतो, सिस. पेन्सिल असते.”

“बरं, पेन्सिलीनं.”

“मतपेटी आणि कन्फेशन,” ती म्हणाली, “दोन्हीकडे माणूस एकटा जातो.” आणि मला बिस्किटाचा पुडा दिला. ते उत्तर तिनं शेवटपर्यंत दिलं नाही. मी जे समजायचं ते समजले.

चारच्या सुमाराला मुलगी बाहेर आली, एका नर्सबरोबर, पायी. चेहरा फिकट, पण पावलं सरळ. आते दार उघडून धावली. ती धावायची नाही, तिचे गुडघे दुखायचे. तिनं त्या मुलीला धरलं आणि दोघी वाहनांच्या रांगेमध्ये तशाच उभ्या राहिल्या. आते तिच्या केसांवरून हात फिरवत त्यांच्या भाषेत काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होती. काय ते मी विचारलं नाही. मला वाटतं, ते त्या मुलीला एकटीला म्हटलेलं नव्हतं.

गाडी हायवेला लागली आणि माझा फोन वाजला. आई. सकाळपासूनची पाचवी वेळ. मी स्पीकर लावला.

“झाली का मोकळी?” त्यांचा आवाज गाडीभर घुमला. “शिरा करून ठिवलाय. आन् तिला सांग, चार दिस गार पान्यात हात घालायचा न्हाई. हे बी अर्धं बाळंतपनच अस्तंय.”

मागच्या सीटवरून मुलीनं विचारलं, “काय म्हणाल्या?”

मी घाई केली नाही. मोकळी. सुखरूप बाळंत झालेल्या बाईलाही आमच्याकडे हाच शब्द. सुटलेल्या कैद्यालाही. एकदा एका शब्दानं घोळ घातला होता, आता हा मी नीट हातात धरून बघितला.

“त्या विचारतायत,” मी इंग्रजीत म्हटलं, “तू मोकळी झालीस का. म्हणजे, आर यू फ्री.”

आरशात मला तिचं कपाळ दिसत होतं, बाहेर हिरवी ओली कुरणं मागे पळत होती.

“त्यांना सांगा,” ती म्हणाली, “ग्रँड.”

आते आधी फुसकन हसली. मग तिला हसू आवरेना, इतकं की तिला गाडी कडेला घेऊन थांबवावी लागली. फोनवर आई ओरडत होत्या, “कोन हसतंय गं? काय झालं? शिरा गार व्हतोय हितं!” आणि मागच्या सीटवर ती मुलगी पोट धरून, दुखतंय दुखतंय म्हणत, आमच्याहून मोठ्यानं हसत होती.